नागपुरात भाड्याचं घर सोडताय? डिपॉझिटमधून काय कापू द्यायचं आणि काय नाही

लातूरहून मिहानमधल्या नोकरीसाठी नागपूरला आलो तेव्हा डिपॉझिट म्हणजे काय असतं याचा मी कधी विचारच केला नव्हता, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायचं आणि जाताना परत घ्यायचं, संपलं. सव्वादोन वर्षांनी मनीष नगरचं ते घर सोडलं तेव्हा ३६,००० पैकी हातात आले १०,०४०. बाकीच्या २५,९६० चा हिशोब घरमालक काकांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे पेनाने लिहून त्याचा फोटो पाठवला होता. तो असा:

रंग १४,०००
सफाई २,५००
नळ-फिटिंग २,२००
कूलरमुळे खराब झालेली भिंत ३,०००
वॉश बेसिन १,८००
लाईट बिल २,४६०

यातले बरेचसे पैसे मी नंतर परत मिळवले, भांडण न करता, कोर्टात न जाता. कसे ते सांगतो, आणि माझ्या चुका पण सांगतो म्हणजे तुम्ही नवीन असाल तर त्या करणार नाही.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा. डिपॉझिट तुमचे पैसे आहेत, मालकाकडे फक्त ठेवलेले. कापायचे असतील तर कशाचे, किती आणि का हे त्याने सांगायचं असतं. आपण नवीन लोक उलटं करतो, मागायला गेल्यासारखे जातो आणि "काका बघा ना काही जमत असेल तर" म्हणतो, तिथेच अर्धे पैसे गेले समजा.

पायरी १: ॲग्रीमेंट काढा आणि नीट वाचा

सही करताना कोणीच वाचत नाही, आता वाचा. बहुतेकांचं ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स असतं, म्हणजे घर वापरायची फक्त परवानगी देणारा करार. त्यात चार गोष्टी शोधा: डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत, नोटीस पिरियड किती, लॉक-इन (अमुक महिन्यांच्या आत घर सोडता येणार नाही अशी अट) आहे का, आणि रंगाबद्दल काही लिहिलंय का. नोटीस पिरियड न पाळता गेलात तर त्या दिवसांचं भाडं कापणं रास्त आहे, तिथे वाद घालू नका. रंगाचं कलम मात्र बघा, काही ॲग्रीमेंटमध्ये "जाताना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापण्यात येईल" असं सरळ छापलेलं असतं आणि आपण सही केलेली असते. तसं असेल तर तुमची बाजू नरम झाली, पण संपली नाही. करार कायदा १८७२ चं कलम ७४ म्हणतं की करारात नुकसानीची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. भिंती चांगल्या असतील तर हे बोलून दाखवायला हरकत नाही. आणि पुढच्या घराला सही करताना ते कलम आधीच खोडायला लावा, तेव्हा मालकाला भाडेकरू हवा असतो त्यामुळे तो ऐकतो.

आता ॲग्रीमेंट रजिस्टर्ड आहे का ते बघा. नागपुरात अजूनही खूप जण स्टॅम्प पेपरवर टाईप करून नोटरीचा शिक्का मारून मोकळे होतात, आणि ११ महिन्यांचं असलं की रजिस्ट्रेशन लागत नाही असं सांगतात. महाराष्ट्रात हे खरं नाहीये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ म्हणतं की लीव्ह अँड लायसन्स असो की भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नसेल केलं तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून कामाचं म्हणजे नोंदणी नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. माझं ॲग्रीमेंट नोटरीवालं होतं. मी तोपर्यंत समजत होतो की ही माझी कच्ची बाजू आहे, निघाली उलटीच.

(बरेच जण मॉडेल टेनन्सी ॲक्टचे मेसेज फॉरवर्ड करतात, की दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट घेताच येत नाही वगैरे. तो २०२१ चा केंद्राचा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच चालतो, आणि काकांसमोर चुकीचा कायदा काढला की उरलेलं पण कोणी ऐकत नाही.)

पायरी २: घर सोडायच्या आधी फोटो आणि रीडिंग

मी हे अर्धवट केलं. आत येतानाचे फोटो माझ्याकडे नव्हतेच, पण नशीब असं की पहिल्या दिवशी आईला घर दाखवायला व्हिडिओ कॉल न लागल्यामुळे एक दोन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवला होता आणि तो आईच्या फोनमध्ये सापडला. त्यात हॉलच्या खिडकीखाली पोपडे आलेले स्पष्ट दिसत होते. तो व्हिडिओ नसता तर हा लेख लिहायला मी बसलोच नसतो.

तर जाताना सगळं सामान हलवल्यावर, झाडून पुसून, दिवसाउजेडी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून चारही भिंती, छत, फरशी, मग नळ चालू-बंद करून, फ्लश ओढून, पंखे लाईट लावून. मीटरचं रीडिंग नंबर दिसेल असं घ्या. सिंकखालचं कपाट उघडून दाखवा, तिथे ओल असतेच आणि ती तुमच्या नावावर येते. मग मालकाला बोलावून सोबत फिरा. तो येत नसेल तर व्हिडिओ त्याच दिवशी त्याला व्हॉट्सॲप करा आणि खाली लिहा, "काका, आज घर रिकामं केलं, ही आत्ताची परिस्थिती, चाव्या तीन सेट तुमच्याकडे दिल्या." चाव्या दिल्याचं लेखी असणं फार महत्त्वाचं, नाहीतर पुढे महिनाभर "चावी तं तुम्ही दिलीच नाई" ऐकावं लागतं.

एक इशारा. काही मित्र सल्ला देतात की डिपॉझिट मिळेपर्यंत घरच सोडू नको, चावी दाबून ठेव. मुदत संपल्यावर असं करू नका, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली लायसन्स संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घेता येते. मुदतीच्या आत तारीख ठरवा आणि चावी आणि पैसे एकाच बैठकीत द्यायचे-घ्यायचे असं आधी बोलून ठेवा, हे उत्तम.

पायरी ३: झीज कुठली आणि नुकसान कुठलं

सगळा वाद इथेच असतो. घर वापरलं की झिजतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मध्ये भाडेकरूने घर घेतलं तसं परत द्यावं असं आहे, पण वाजवी झीज वगळून. तुमचं लीव्ह अँड लायसन्स असेल तर तो कायदा जसाच्या तसा लागू नाही, तरी तत्त्व तेच वापरतात आणि बोलताना तेच धरायचं. झीज म्हणजे रंग फिका पडणं, दारामागे हँडल घासून पडलेला डाग, नळाचा वॉशर जाणं, कॅलेंडरचा एखादा खिळा. तुटलेलं बेसिन, फुटलेली काच, जळलेला ओटा हे नुकसान, ते तुमचं.

नागपुरात मधल्या गोष्टी फार असतात. सगळ्यात मोठी कूलर. इथे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, कूलरशिवाय राहणं शक्य नाही, आणि खिडकीला लावलेल्या कूलरच्या ताट्यांतून पाणी उडून भिंत ओली होणं, खालचा सज्जा हिरवा पडणं, लोखंडी स्टँडच्या गंजाचे ओघळ उतरणं हे होतंच. हे झीज की नुकसान? माझं मत, मालकाने कूलरची जागा ठेवून घर भाड्याने दिलं असेल तर थोडीफार ओल त्याने धरूनच चालायला पाहिजे. पण पंप चालू ठेवून तुम्ही चार दिवस गावाला गेलात आणि टाकी ओव्हरफ्लो होऊन प्लास्टर फुगलं तर ते तुमचं. माझ्या बाबतीत दोन्ही होतं. पोपडे आधीचे होते, व्हिडिओत दिसत होते, पण दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा पाईप निसटून रात्रभर पाणी भिंतीत गेलं होतं, ते मी नाकारलं नाही.

दुसरं बोअरचं पाणी. बेसा, हुडकेश्वर, मानेवाडा अशा बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं खारं पाणी वापरायला असतं, नळांवर आणि टाईल्सवर पांढरा थर बसतो, गीझरचा कॉईल जातो, नळ चिकटतात. काकांचे नळ-फिटिंगचे २,२०० सगळे यातलेच होते. क्षाराने गेलेला नळ भाडेकरूने कसा काय मोडला?

आणि रंग. रंग हा कायमचा नसतो, तो काही वर्षांनी मारावाच लागतो, तुम्ही राहा नाहीतर घर बंद ठेवा. मी काकांना विचारलं की याआधी रंग कधी मारला होता, तर म्हणाले, "तुमच्या आधीच्या लोकांच्या टाइमाले." म्हणजे माझ्या आधीच एक भाडेकरू त्याच रंगात राहून गेलेला. मग आख्ख्या घराचा नवा रंग माझ्या पैशाने कशाला? त्यावर ते म्हणाले, "रंग तं मारावाच लागते ना भाऊ, नवा भाडेकरू अशा भिंतीत येईन का?" त्यांचं बरोबर होतं, मारावाच लागतो, पण तो त्यांच्या धंद्याचा खर्च झाला. बेडरूमच्या एका भिंतीवर मात्र आम्ही मोठं स्टिकर चिकटवलं होतं आणि काढताना पुट्टीसकट रंग आला. ती एक भिंत माझी.

हा भाग मनाशी प्रामाणिकपणे करा. जे आपल्याकडून झालंय ते आधीच स्वतः कबूल केलं की बाकीच्या नकाराला वजन येतं.

पायरी ४: लाईट बिल वेगळं काढून बघा

यावर कोणी लिहीत नाही म्हणून थोडं थांबतो. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो, तो टाकून ॲपवर बिल बघता येतं. साधारण एप्रिल-मेच्या सुमारास नेहमीच्या बिलासोबत "अतिरिक्त सुरक्षा ठेव" म्हणून एक वेगळं बिल येतं, आधीच्या वर्षाचा वापर वाढला असेल तर. नागपुरात कूलरमुळे वापर वाढतोच. ही ठेव ज्याच्या नावाने मीटर आहे त्याच्या खात्यात राहते, त्यावर महावितरण व्याज पण देतं. म्हणजे ते पैसे मालकाचे झाले, वापरलेल्या विजेचे नाहीत. काकांच्या २,४६० मध्ये १,३२० ही ठेव होती, मी वापरलेली वीज फक्त १,१४० ची. त्यांनी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, दोन कागद आले आणि त्यांनी दोन्हींची बेरीज केली. पण मी बिल मागितलं नसतं तर गेलेच असते.

पायरी ५: लेखी विचारा, बिलं मागा

फोनवर बोलून झालं की तेच व्हॉट्सॲपवर टाका. मी पाठवलेला मेसेज जवळपास असा होता:

"काका नमस्कार. तुम्ही पाठवलेला हिशोब बघितला. वॉश बेसिन आमच्याकडून तुटलं, त्याचं बिल पाठवा, तेवढे कापा. वापरलेल्या विजेचे १,१४० मान्य, अतिरिक्त ठेवीचे १,३२० तुमच्या खात्यात जमा आहेत ते मान्य नाहीत. बेडरूमची एक भिंत आणि हॉलच्या भिंतीचा काही खर्च मी देतो, किती ते बोलू. बाकी भिंतींचा रंग आणि नळ ही वापराने होणारी झीज आहे, ते मान्य नाही. सफाई करून दिली होती, व्हिडिओ सोबत आहे. घरात आलो त्या दिवशीचा व्हिडिओ पण पाठवतोय, हॉलचे पोपडे तेव्हाचेच आहेत. उरलेली रक्कम १५ दिवसांत पाठवावी ही विनंती."

बघा, यात शिवी नाही, धमकी नाही, प्रत्येक आयटमला हो किंवा नाही आहे. रात्री रागात टाईप केलेला मेसेज सकाळी पाठवा. दोन्ही निळ्या टिका आल्या पण उत्तर आलं नाही, दहा दिवस. हे होतंच, घाबरू नका. चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका, स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका. पुढे कोर्टात लागलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे चॅट-व्हिडिओसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन असला की बरं पडतं.

पायरी ६: कागदावर पत्र

मेसेजला उत्तर नाही आलं तर तेच कागदावर लिहून स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती घेऊन. मी सिव्हिल लाईन्सच्या जीपीओतून (मोठ्या पोस्टातून) पाठवलं, कुठूनही चालतं. पत्रात तारखा, रक्कम, ॲग्रीमेंट, आयटमवार म्हणणं, पैसे द्यायची शेवटची तारीख, आणि त्या तारखेनंतर व्याज मागू असं एक वाक्य टाका, कारण व्याज कायदा १९७८ प्रमाणे व्याजाची लेखी मागणी केलेली असली तर कोर्टाला त्या मागणीच्या तारखेपासून व्याज देता येतं. ॲग्रीमेंट रजिस्टर्ड नसेल तर कलम ५५ चा उल्लेख एका ओळीत करा, धमकीच्या सुरात नाही, नुसता. माझ्या मते या एका ओळीने जेवढं काम केलं तेवढं बाकी पानभर मजकुराने केलं नाही.

वकिलाची नोटीस ही याच्या पुढची पायरी. रक्कम मोठी असेल तर सरळ तिथेच जा. दहा-पंधरा हजारांसाठी आधी स्वतःचं पत्र.

पोलिसात जाऊन उपयोग नसतो, "हे दिवाणी आहे" म्हणून परत पाठवतात, आणि बरोबरच आहे. हां, मालक तुमचं सामान अडवून बसला किंवा दमदाटी करत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जा.

पायरी ७: तरी नाही ऐकलं तर

कोर्टाच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. केस दाखल न करता, दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी साधा अर्ज देता येतो, कोर्ट फी लागत नाही, समोरच्याला नोटीस जाते आणि दोघांना बसवून बोलतात. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. नाही झाली तर तुमचं काही गेलं नाही, कोर्टाचा रस्ता उघडाच राहतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना वकील पण फुकट मिळतो. हेल्पलाईन १५१००, राज्यभर कुठूनही. मी अर्ज लिहून ठेवला होता, द्यायची वेळ आली नाही.

दिवाणी दाव्याला ३ वर्षांची मुदत असते, पैसे देय झाल्यापासून. म्हणजे घाई नाही, पण बदली होऊन पुण्याला गेलात की सगळंच थंड होतं, त्यामुळे शहरात आहात तोवर उरका. छोट्या रकमेसाठी दावा लावायचा का हे तुम्ही ठरवा, मी लावला नसता, तारखांना जायच्या सुट्ट्यांचेच पैसे जास्त झाले असते.

पायरी ८: बसून मिटवणं

पत्र पोचल्यावर तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, "कागद कायले पाठवता बाप्पा, घरी या ना." गेलो. काकूंनी चहा आणि चिवडा ठेवला, सुरुवातीची पंधरा मिनिटं कोणीच पैशाचं बोललं नाही, मी पण नाही बोललो, हे इथे करावंच लागतं. मग मी माझ्या मेसेजची प्रिंट टेबलावर ठेवली आणि एकेक ओळ घेत गेलो. बेसिनचं बिल त्यांनी काढलं, १,४५० चं निघालं, १,८०० नाही. बेडरूमची भिंत १,५०० ला ठरली. हॉलच्या भिंतीवर बरीच घासाघीस होऊन १,००० वर थांबलो. सफाईवर काकू बोलल्या, गॅलरीतला कचरा आणि माळ्यावरचे खोके तुम्ही तसेच टाकून गेलात म्हणून. खरं होतं, माळ्याचा व्हिडिओ मी काढलाच नव्हता. ५०० दिले. नळांचं काहीच नाही. वीज १,१४०. एकूण ५,५९०.

३६,००० वजा ५,५९० म्हणजे ३०,४१०, त्यातले १०,०४० आधीच आलेले, राहिले २०,३७०. काका म्हणाले आधी "डिपॉझिट पूर्ण मिळालं" असं लिहून द्या मग ट्रान्सफर करतो. इथे थांबा. पैसे खात्यात दिसेपर्यंत तसलं काही लिहायचं नाही, कितीही चहा प्यायला असाल. मी म्हटलं तुम्ही यूपीआय करा, मी इथेच बसलोय, मेसेज आला की लिहितो. अर्धे पैसे मिळत असतील तरी घ्या, पण त्यावर "अमुक रक्कम मिळाली, एवढी बाकी" असं लिहा.

काकांना यूपीआय जमत नव्हतं, लिमिट पण अडत होती, शेवटी त्यांच्या मुलाने दोन हप्त्यांत केलं. दुसरा मेसेज वाजल्यावर मी त्याच लग्नपत्रिकेच्या कोऱ्या कोपऱ्यात "३०,४१० मिळाले, हिशोब पूर्ण" लिहून तारीख टाकली, सही केली, आणि तिचा फोटो काढून घेतला. निघताना काकांनी विचारलं, कूलरचा स्टँड खिडकीलाच राहू दिला तर चालेल का, नवीन भाडेकरू मागतोय.